कागदावर आहे ते वाचा

वांद्र्याला पूर्वेच्या अंगाला सरकारी वसाहत होती आणि वसाहतीत नवीन प्रशासकीय भवन. उपनगर जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय त्याच इमारतीत होतं. जिथं सरकारी कार्यालय तिथं स्टॅम्प पेपरवाले, नोटरी, झेरॉक्सवाले आणि टंकलेखक न बोलावता येतात, तसे तिथंही आले होते. त्यांच्यातच एक भाषांतरकार बसायचे. लाकडी टेबल, टेबलावर जुना संगणक आणि संगणकाशेजारी एक जाड वही. लोक त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण इंग्रजी येणाऱ्या वयस्कर माणसाला आपल्याकडे दुसरं काय म्हणणार?

मास्तरांचं काम सरळ होतं. मराठी कागदाचा इंग्रजी कागद करायचा आणि इंग्रजी नोटिशीचा अर्थ मराठीत सांगायचा. खरेदीखत, मृत्युपत्र, घटस्फोटाचा अर्ज, भाडेकरूचं भांडण, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. कायद्याच्या शब्दांना ते अडत नसत. 1960 साली सरकारनं स्थापन केलेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश त्यांच्या पिशवीतच असायचे, पानं दुमडून दुमडून मऊ झालेले. पण मास्तरांचा खरा जीव त्या जाड वहीत होता.

वहीत डाव्या पानावर मराठी वाक्प्रचार होते आणि उजव्या पानावर प्रत्येकाची इंग्रजी जोडी. तरुणपणापासून त्यांनी ती जमवली होती. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती त्यांनी ग्रंथालयात बसून चाळली होती. मॅनवारिंग नावाच्या पाद्र्यानं मराठी म्हणी गोळा करून त्यांचं इंग्रजी केलं आणि ते पुस्तक 1899 साली ऑक्सफर्डला छापलं गेलं. त्याच्या झेरॉक्स प्रतीच्या समासात मास्तरांनी पेन्सिलीनं भांडणं केली होती. पाद्र्यानं दिलेली जोडी पटली नाही की ते स्वतःची लिहायचे.

वहीच्या शेवटी परक्या भाषांची पानं होती. वांद्र्याच्या पश्चिमेला चिंबईत राहणारा एक खलाशी सुट्टीवर आला की मास्तरांना भेटायचा. त्याचं जहाज काळ्या समुद्रावरच्या कॉन्स्टान्ट्सा बंदराला लागायचं, तिथून तो रोमानियन बोलणं घेऊन यायचा. रोमानियन माणूस राईचा पर्वत करत नाही, डासाचा घोडा करतो. कधीच होणार नाही ती गोष्ट तिकडं घोड्यांच्या ईस्टरला होते. फसवायला निघालेला माणूस रंगवलेला कावळा घेऊन फिरतो. खलाशी ख्रिस्ती होता. घोड्यांचं ईस्टर सांगताना तो इतका हसायचा की त्याचा चहा सांडायचा. मास्तर मात्र हसत नसत. ते लगेच जोडी शोधायला लागायचे. डासाचा घोडा इंग्रजीत गेला की चिचुंदरीनं उकरलेल्या ढिगाऱ्याचा डोंगर होतो आणि मराठीत आला की राईचा पर्वत, हे त्यांनी तीन रकाने पाडून लिहून ठेवलं होतं.

‘माझ्या हातून बिनजोडीचा वाक्प्रचार जात नाही,’ असं ते म्हणायचे, आणि ते खरं होतं. वकीलही त्यांना मानायचे. इतरांचं इंग्रजी मराठीसारखं वाजायचं, मास्तरांचं इंग्रजी इंग्रजासारखं वाजायचं.

एका सकाळी एक म्हातारी त्यांच्या टेबलाशी आली. नऊवारी लुगडं, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. तिच्याबरोबर एक तरुण वकीलबाई होत्या. विधी सेवेतून मिळालेल्या, म्हणजे म्हातारीला त्यांची फी पडत नव्हती.

म्हातारीची गोष्ट त्या इमारतीला नवीन नव्हती. नवरा लवकर गेला. खेरवाडीतल्या एका खोलीत तिनं पोळी-भाजीचे डबे करून मुलाला वाढवलं. मुलगा मोठा झाला, लग्न झालं. मग तो म्हणाला, आई, खोली माझ्या नावावर कर, कर्ज काढून आपण चांगलं घर करू, तुला शेवटपर्यंत सांभाळीन. कागद आले. तिनं अंगठा केला. कागद बक्षीसपत्राचा होता. पुढं मुलानं स्वयंपाकाचा ओटा काढून टाकला, डबे बंद पाडले आणि आईवर तिच्या बहिणीकडं जायची वेळ आणली. न्यायला काही आला नाही.

कुणीतरी तिला सांगितलं, 2007 साली ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा झाला आहे. सांभाळायच्या अटीवर घर दिलं आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर ते देणं रद्द करून मागता येतं. म्हातारी प्रांतांपुढच्या न्यायाधिकरणात गेली. तिथं सगळं मराठीत झालं. ती बोलली, लिहून घेणाऱ्यानं लिहून घेतलं, आणि निकाल तिच्या बाजूनं लागला. मग मुलगा फोर्टच्या उच्च न्यायालयात गेला. तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं, तसं संविधानातच लिहिलेलं आहे. म्हणून आता म्हातारीचं उत्तर इंग्रजीत हवं होतं.

वकीलबाई म्हणाल्या, “मास्तर, कायद्याचे मुद्दे मी लिहिलेत. हकिगत तिच्या तोंडून घ्या. मला फोर्टला जायचंय, संध्याकाळी कागद न्यायला येते.”

आधी मास्तरांनी म्हातारीला मुलाची याचिका समजावून सांगितली. मुलाचं म्हणणं असं होतं की आईनं घर राजीखुशीनं दिलं, सांभाळायची अट कुठं लिहिलेली नाही, पुढं तिनं स्वतःच त्या घरावरचा हक्क सोडला आणि आता ती चिचुंदरीच्या ढिगाऱ्याचा डोंगर करते आहे. मास्तरांनी अर्थातच ‘राईचा पर्वत करते आहे’ असं सांगितलं.

म्हातारीनं मान हलवली. “हे त्याचंच बोलणं. लहानपणापासून मला असंच म्हणायचा.”

मास्तर खूश झाले. मुलाच्या तोंडचा पर्वत वकिलाच्या इंग्रजीतून जाऊन पुन्हा आईपर्यंत धड पोचला होता. मग ते म्हणाले, “आता तुम्ही बोला, मावशी. घाई नाही.”

म्हातारी बोलायला लागली. “नवरा गेला तेव्हा पोरगं पाच वर्षांचं. पोटाला चिमटा काढून त्याला शिकवलं. कधी त्याला कमी पडू दिलं नाही. घर नावावर कर म्हणाला तर केलं. शेवटपर्यंत सांभाळीन म्हणाला आणि तोंडाला पानं पुसली. ओटा काढला, माझ्या अन्नात माती कालवली. सुनेचं नाव घेऊ नका त्यात. ती कधी माझ्या डोक्यावर मिरे वाटायला आली नाही, खोटं कशाला बोलू. त्याला किती समजावलं. त्याच्या मामाला आणलं, चार माणसं बसवली. शेवटी मी हात टेकले. मग इथं आले.”

मास्तरांची बोटं भराभर चालली. वही उघडायचीही गरज नव्हती, सगळ्या जोड्या त्यांना पाठ होत्या. पोटाला चिमटा काढला तिथं त्यांनी इंग्रजीत कमरेचा पट्टा आवळला. तोंडाला पानं पुसली तिथं डोळ्यांवर लोकर ओढली. अन्नात माती कालवली तिथं तोंडची भाकरी काढून घेतली. आणि हात टेकले तिथं लिहिलं, ‘आय थ्रू इन द टॉवेल.’ मिरे वाटायचं वाक्य त्यांनी गाळलं. सुनेवर आरोपच नव्हता, मग ते कशाला, असा त्यांचा हिशेब.

दुपारपर्यंत कागद तयार झाला. शेवटी ठरलेली ओळ होती: वरील मजकूर साक्षीदाराला मराठीत समजावून सांगितला आणि तिनं तो बरोबर असल्याचं मान्य केलं. त्या ओळीखाली दुभाषी म्हणून मास्तरांची सही यायची आणि तिच्यावर म्हातारीची. अशा सह्या मास्तरांनी आयुष्यात किती केल्या होत्या, त्याचा हिशेब त्यांच्याकडं नव्हता. पक्षकार समोर बसलेला असायचा, बाहेर नोटरीपाशी रांग असायची, आणि समजावून सांगणं बहुतेक वेळा ‘तुम्ही बोललात तेच लिहिलंय’ इतकंच असायचं.

“इथं सही करा, मावशी. का अंगठा?”

“सही येते,” म्हातारी म्हणाली. “साक्षरतेच्या वर्गाला बसले नंतर. आधी वाचून दाखवा.”

“तुम्ही बोललात तेच लिहिलंय.”

“मागच्या वेळीही हेच सांगितलं होतं.”

मास्तर जरा गप्प झाले. मग त्यांनी कागद हातात घेतला आणि वाचायला लागले. “नवरा गेला तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. पोटाला चिमटा काढून मी त्याला शिकवलं. घर त्याच्या नावावर केलं. त्यानं माझ्या तोंडाला पानं पुसली…”

म्हातारीनं हात वर केला. “मास्तर, हे मी सकाळी बोलले ते झालं. तुम्ही कागदाकडं बघत पण नाही. कागदावर आहे ते वाचा.”

शेजारच्या टेबलावर टंकलेखन करणारी एक मुलगी बसायची. बी. ए. झालेली, दुसरी नोकरी मिळेपर्यंत इथं काम करणारी. म्हातारी तिच्याकडं वळली. “पोरी, तुला येतं ना इंग्रजी? वाच बघू. जसं आहे तसं.”

मुलीनं मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी खांदे उडवले. आपलं इंग्रजी कुणी वाचलं तर त्यांना वाईट वाटायचं काही कारण नव्हतं.

मुलगी वाचायला लागली, एकेका शब्दाला मराठी शब्द ठेवत. “माझा नवरा वारला तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. मी माझा कमरेचा पट्टा आवळला…”

“कसला पट्टा?”

“बेल्ट, आजी.”

म्हातारीनं आपल्या लुगड्याकडं बघितलं. झेरॉक्सवाला हसला.

“त्यानं माझ्या डोळ्यांवर लोकर ओढली. माझ्या तोंडातून भाकरी काढून घेतली. मी त्याला समजावलं, नातेवाइकांना बोलावलं. शेवटी मी टॉवेल आत फेकला.”

आता नोटरीच्या रांगेतले लोकही हसायला लागले. चहावाला पोऱ्या म्हणाला, “आजी, कुणाला मारलात टॉवेल?” मास्तरही हसले. “मावशी, हे त्यांचे वाक्प्रचार आहेत. शब्दाला शब्द लावला की असंच होणार. आपला हात टेकणं इंग्रजीत गेलं की त्याचा टॉवेल होतो.”

म्हातारी मात्र हसली नव्हती. “होऊ दे. पण टॉवेल फेकला म्हणजे त्यांच्यात काय केलं?”

मुलीनं सांगितलं, “बॉक्सिंग असतं ना, ठोसाठोशीचा खेळ. आपला माणूस फार मार खायला लागला की त्याच्या बाजूचा एक जण मध्ये टॉवेल टाकतो. म्हणजे आम्ही हरलो, आता खेळ थांबवा.”

“म्हणजे मी हरले असं लिहिलंय?”

कुणी काही बोललं नाही.

“खेळ थांबवा असं लिहिलंय?” म्हातारी मास्तरांकडं वळली. “हरले असते तर इथं कशाला आले असते? माझा पोरगा तेच तर म्हणतोय. आईनं सोडलं सगळं, आईचं काही म्हणणं नव्हतं. आणि तुम्ही माझ्याच सहीनं त्याला लिहून देताय.”

“पण तुम्हीच म्हणालात की हात टेकले.”

“टेकलेच. त्याच्या हट्टापुढं टेकले. हक्कापुढं नाही टेकले.”

मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला. त्यांनी सवयीनं वही उघडली. ‘ह’चं पान निघालं. हात टेकणे, हात देणे, हात धुऊन घेणे, हात वर करणे. प्रत्येकासमोर जोडी, ठळक अक्षरात, कुठं खाडाखोड नाही. हात टेकण्यासमोर टॉवेलच होता. कुठल्याही इंग्रजी जाणणाऱ्याला ती जोडी दाखवली असती तर त्यानं चांगली आहे असंच म्हटलं असतं. मास्तर त्या ओळीकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी वही बंद करून टेबलाच्या खणात टाकली आणि खुर्ची म्हातारीच्या जवळ ओढली.

“मावशी, हात टेकले म्हणजे त्या दिवशी काय केलंत?”

“काय करणार? त्याचा मामा जेवून निघून गेला. पोरगा म्हणाला, आता परत कुणाला आणलंस तर दार उघडणार नाही. मी पिशवी भरली. बहिणीच्या घरी आले. दुसऱ्या दिवशी अर्जाची चौकशी करायला ह्या इमारतीत आले.”

“दुसऱ्याच दिवशी?”

“मग? बसून काय करायचं होतं?”

मास्तरांनी आधीचं वाक्य पुसलं आणि नवीन लिहिलं: माझ्या समजावण्याचा मुलावर काही उपयोग होत नाही हे कळल्यावर, दुसऱ्याच दिवशी मी न्यायाधिकरणाच्या कार्यालयात अर्जाची चौकशी केली. मुलीनं ते म्हातारीला मराठीत सांगितलं.

“हां,” म्हातारी म्हणाली. “हे माझं.”

मग ते वर गेले. पोटाला चिमटा. मास्तरांनी विचारलं, “चिमटा काढला म्हणजे खर्च कमी केला ना?”

“खर्च करायला होतं काय? जेवणच कमी केलं. सकाळी डबे जायचे. पोराला वाढायचं. रात्री उरलेलं असेल तर मी खायची. बरीच वर्षं एकदाच जेवले. कुणाला कळू दिलं नाही, डबेवालीच उपाशी म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणेल?”

मास्तरांचा हात थांबला. कमरेचा पट्टा आवळणारा माणूस हौस-मौज कमी करतो, चहा-सिगारेट कमी करतो. समोर बसलेल्या बाईनं जेवण सोडलं होतं. आपल्या चांगल्या इंग्रजीनं तिला सकाळी जेवायला घातलं होतं, तेही न विचारता. त्यांनी लिहिलं: मुलाच्या शिक्षणासाठी बरीच वर्षं मी दिवसातून एकदाच जेवत होते. पुढं तोंडाला पानं पुसल्याचं काय झालं तेही लिहिलं: सांभाळीन असं तोंडी वचन देऊन त्यानं माझा अंगठा घेतला, आणि कागद मला वाचून दाखवला नाही. घर सांभाळायच्या अटीवर दिलं होतं की नाही, सगळ्या खटल्याचा जीव त्यात होता, आणि सकाळी त्या जागी लोकर होती.

सून राहिली होती. म्हातारी म्हणाली, “ते मिऱ्याचं का नाही घेतलं?”

“त्याची गरज नाही, मावशी. कायद्याच्या दृष्टीनं…”

“मला गरज आहे. तिचा काही दोष नाही असं कागदावर असू दे. उद्या तिलाही कोर्टात ओढतील.”

मास्तरांनी ते लिहिलं, साध्या शब्दांत: सुनेनं मला कधीही त्रास दिलेला नाही.

अन्नात माती कालवल्यापाशी मात्र म्हातारी अडून बसली. मास्तरांनी तिथंही साधं वाक्य सुचवलं, माझं उत्पन्नाचं साधन बंद केलं. मुलीनं ते सांगितलं.

“नाही. हे तसंच ठेवा. माती कालवली.”

“अहो मावशी, वाचणाऱ्याला वाटेल की खरंच जेवणात माती घातली. तुमचा मुलगा उद्या म्हणेल, मी कधी माती घातली? शपथेवर खोटं लिहिल्यासारखं होईल.”

“मग खाली लिहा की काय झालं ते. ओटा काढला, गॅस काढला, डबे बंद पडले. पण वर मातीच ठेवा. मी जन्मभर अन्न केलं मास्तर, पैसे नाही केले. उत्पन्नाचं साधन माझ्याकडं कधी नव्हतं. चूल होती.”

वहीतल्या जोडीत तोंडची भाकरी काढून घेतलेली होती. तीही वाईट नव्हती, पण त्या भाकरीत खाणारी होती, करणारी नव्हती. मास्तरांनी मातीचं वाक्य शब्दशः लिहिलं, ‘माझ्या भाषेत’ असं म्हणून अवतरणात टाकलं आणि खाली ओट्याची, गॅसची, बंद पडलेल्या डब्यांची हकिगत घातली.

संध्याकाळ होत आली. बाहेर नोटरीनं दोनदा हाक मारली होती. मास्तरांच्या रांगेतली दोन माणसं कंटाळून दुसऱ्या टेबलावर गेली होती. नवीन कागद सकाळच्या कागदापेक्षा लांब झाला होता आणि इंग्रजासारखा मुळीच वाजत नव्हता. असा कागद दुसऱ्या कुणी लिहिला असता तर मास्तरांनी नाक मुरडलं असतं. त्यांनी तो सबंध वाचला, ह्या वेळी कागदाकडं बघून, एकेक ओळ मराठीत सांगत. म्हातारीनं दोन ठिकाणी थांबवलं, एका ठिकाणी साल दुरुस्त केलं, आणि मग पेन मागितलं. सही करायला तिला बराच वेळ लागला. अक्षरं मोठी आणि सुटी सुटी आली. त्यानंतर मास्तरांनी दुभाषी म्हणून आपली सही केली.

वकीलबाई आल्या. त्यांनी उभ्या उभ्याच कागद वाचला. टॉवेल कुठं होता हे त्यांना कळलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

मास्तरांची वही काही खोटी नव्हती. राईचा पर्वत तिच्या भरवशावर वांद्र्याहून फोर्टला आणि फोर्टहून परत वांद्र्याला सुखरूप आला होता. मोल्सवर्थनं पंडित कामाला लावून शब्द गोळा करवले तेव्हा कुणीतरी कुणाला तरी विचारलं होतं, हा शब्द तुमच्याकडं कसा वापरता. ते विचारून झालेलं पुस्तकात उतरलं, पुस्तकातून वहीत उतरलं, आणि वहीपर्यंत येता येता विचारायचं राहून गेलं. वहीत हात टेकलेले होते. ते कुणी टेकले, कुणापुढं टेकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई कुठं गेली, हे वहीला कसं कळावं? ते फक्त समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला माहीत असतं, आणि ते माणूस बहुधा इंग्रजी न येणारं असतं.

त्यानंतर मास्तरांचं काम मंदावलं. ते प्रत्येक कागद वाचून दाखवायला लागले. घाईतले लोक दुसरीकडं गेले, काही पुन्हा आले. वहीत जोड्या वाढत राहिल्या, पण उजव्या पानावरच्या समासात आता पेन्सिलीनं बारीक नोंदी दिसायला लागल्या, ‘हे कोण म्हणालं’, ‘कशावरून म्हणालं’.

उच्च न्यायालयात मुलाच्या वकिलानं मातीचं वाक्य उचललंच. आईला कुणी माती खाऊ घातली नाही, हा आरोप बिनबुडाचा आहे, असं त्यांनी सांगितलं. वकीलबाईंनी त्याच्या खालच्या चार ओळी वाचून दाखवल्या. ओटा, गॅस, डबे. मुलगा मागच्या बाकावर बसला होता. तो खाली बघत राहिला. हक्क सोडल्याचा मुद्दा निघाला तेव्हा वकीलबाईंनी दुसऱ्याच दिवशी केलेली चौकशी दाखवली. पुढच्या तारखेला मुलाची याचिका फेटाळली गेली.

म्हातारी आणि वकीलबाई चर्चगेटहून धीम्या गाडीत बसल्या. दुपारची वेळ होती, बसायला जागा मिळाली. वकीलबाई म्हणाल्या, “आजी, आपण जिंकलो.”

“ते कळलं तुमच्या तोंडावरून,” म्हातारी म्हणाली. “साहेब काय काय बोलले?”

“म्हणजे तेच, की घर परत तुमचं झालं.”

“तुम्ही वहीत लिहून घेत होता मघाशी. त्यात काय आहे ते सांगा.”

वकीलबाईंनी पिशवीतून टिपणवही काढली. मरीन लाइन्सला त्यांनी सुरुवात केली. म्हातारी मध्ये मध्ये थांबवत होती, हे परत सांगा, हे कुणाबद्दल म्हणाले, हे साहेबांचं का त्या वकिलाचं. माहीम गेलं तेव्हा दुसरं पान चालू होतं.